विमानातले बाकीचे

‘बोस : डेड/अलाइव’ या नावातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मधली तिरकी रेघ. २०१७ साली ऑल्ट बालाजीवर आलेली ही नऊ भागांची सीरिज आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर, कानात हेडफोन खुपसून, एका बैठकीत संपवली असेल. मीही तशीच संपवली. राजकुमार रावनं भूमिकेसाठी वजन वाढवलं, पुढचं डोकं भादरून घेतलं, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. पण मला आठवत राहिली ती रेघ. मेले की जिवंत? दोनच पर्याय. एक निवडा आणि पुढचा भाग लावा.

दोन वर्षांनी सृजित मुखर्जींचा ‘गुमनामी’ हा बंगाली सिनेमा आला. प्रोसेनजित चॅटर्जी त्यात नेताजीही आहेत आणि फैजाबादचे गुमनामी बाबाही. अनुज धर आणि चंद्रचूड घोष यांच्या ‘कनन्ड्रम’ या पुस्तकावर आणि मुखर्जी आयोगाच्या सुनावणीवर तो उभा आहे. इथे पर्याय तीन : विमान अपघात, रशियातली कैद, बाबा. सिनेमा नेटका आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सुनावणीची चौकट वापरल्यामुळे प्रेक्षक आपोआप ज्यूरीच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि सुखावतो.

या दोन्ही कलाकृतींनी कोणता निष्कर्ष काढला यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. अपघात ही गोष्ट त्यांना सांगताच येत नाही. सीरिजमध्ये अपघात म्हणजे पाठलागाला सुरुवात करून देणारा धक्का. नवीन कस्तुरियाचा दरबारीलाल हा पोलीस आणि त्याचा गोरा साहेब या नेताजींच्या मागावर असलेल्या जोडीला धावायला लावणारी बातमी. सिनेमात अपघात दिसतो, पण खोडून काढण्यासाठी मांडलेली एक बाजू म्हणून. यंत्र बिघडतं, घाई असते, पेट्रोल पेटतं, डझनभर माणसं एकाच क्षणात सापडतात आणि त्यातली काही मरतात, काही उरतात. हे सगळं नाट्यमय आहे, तरी कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. त्याला फक्त एक चेहरा हवा असतो.

म्हणून आधी त्या विमानाकडेच बघू.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली. नेताजी सिंगापूरहून बँकॉक, तिथून सायगावला आले. सायगावमध्ये जपान्यांनी सांगितलं की निघणाऱ्या विमानात जागा फार थोड्या आहेत. शेवटी दोनच मिळाल्या, एक नेताजींना आणि एक कर्नल हबीबुर रहमान यांना. बाकीचे सहकारी धावपट्टीवर राहिले. १७ तारखेला संध्याकाळी विमान उडालं, रात्री तुरानला, म्हणजे आजच्या दा नांगला, थांबलं. सायगावला उडताना त्याला जवळजवळ सगळी धावपट्टी लागली होती. त्यामुळे तुरानला मशीनगन, दारूगोळा आणि काही सामान उतरवून वजन कमी केलं गेलं. १८ तारखेला दुपारी ते फोर्मोसा बेटावर तैहोकूला, म्हणजे आजच्या तायपेईला, उतरलं. पेट्रोल भरलं. निघण्याआधी डाव्या इंजिनचा सूर बरोबर लागत नव्हता आणि तो जुळवून घेतला, अशी साक्ष पुढे चौकशीत झाली. अडीचच्या सुमारास विमान उडालं आणि काही क्षणांत कोसळलं.

हे प्रवासी विमान नव्हतं. जपानी लष्कराचं ‘९७ प्रकारचं’ जड बॉम्बर होतं ते; दोस्त राष्ट्रांनी त्याला ‘सॅली’ असं टोपणनाव दिलं होतं. १९३८ च्या सुमारास सेवेत आलेलं, १९४५ पर्यंत म्हातारं झालेलं. पाच-सात जणांच्या तुकडीसाठी बांधलेल्या त्या धडात १२-१३ माणसं बसली होती. खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे काही जण जमिनीवरच. नेताजींच्या शेजारी पेट्रोलची टाकी होती. मागच्या दाराकडे सामानाचा ढीग होता.

जपान सरकारनं १९५६ साली स्वतःची एक चौकशी केली होती, तिचा अहवाल २०१६ मध्ये लोकांसमोर आला. त्यातलं वर्णन कोरडं आहे. विमान सुमारे २० मीटर उंचीवर असताना डाव्या पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक तुटलं, मग इंजिन गळून पडलं, तोल गेला, विमान धावपट्टीशेजारच्या खडीच्या ढिगावर आदळलं. यात रहस्य शोधायची गरज नाही. फिरत्या पंख्याचं एक पातं गेलं की उरलेली दोन विषम भारानं इंजिनला हिसडे देऊ लागतात, आणि ते हिसडे इंजिनला त्याच्या बैठकीतून उपटून काढू शकतात. एका बाजूचं इंजिन गेलं की दुसऱ्या बाजूचं विमानाला वळवतं. वर दोन-तीन हजार फूट मोकळी हवा असती तर वैमानिकाला काही करता आलं असतं. २० मीटरवर, भरल्या टाक्यांनिशी, काहीच करता येत नाही.

आतल्यांपैकी जपानी लेफ्टनंट जनरल त्सुनामासा शिदेई जागीच गेले. ते मांचुरियातल्या क्वांतुंग सेनेत उपप्रमुख म्हणून रुजू व्हायला निघाले होते. वैमानिक ताकिझावाही वाचले नाहीत. मागचा रस्ता सामानानं बंद झाला होता, म्हणून नेताजी आणि रहमान पुढच्या बाजूनं, आगीतून बाहेर आले. नेताजींच्या अंगावर पेट्रोल उडालं होतं आणि कपडे सुती होते. रहमान यांच्या अंगावर लोकरी गणवेश होता. सूत पटकन पेट घेतं, लोकर घेत नाही. एकाच दारातून बाहेर पडलेल्या दोन माणसांपैकी एक त्या रात्री नानमोन लष्करी इस्पितळात वारला आणि दुसरा भाजलेले हात घेऊन पुढे अनेक वर्षं जगला, यातला फरक कापडाचा असू शकतो. कुठल्याही पटकथालेखकाला सोन्यासारखा वाटावा असा हा तपशील आहे. पण हा तपशील नायकाला लहान करतो, म्हणून नकोसा होतो. ज्या माणसानं कलकत्त्यातल्या नजरकैदेतून निसटून काबूलमार्गे बर्लिन गाठलं, जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेला, त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कापडानं मारलं, हे मनाला पटत नाही.

माझ्या आजोबांना ते कधीच पटलं नाही. त्यांच्या खोलीत नेताजींचं कॅलेंडरवरून कापून फ्रेम केलेलं चित्र होतं. कुठल्याशा बाबांची बातमी आली की ते पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, ‘‘वाघ असा मरत नसतो रे.’’ या वाक्याशी मी वाद घालणार नाही. ते विधान नेताजींच्या मृत्यूबद्दलचं नव्हतंच, आजोबांच्या प्रेमाबद्दलचं होतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा कादंबरी, सिनेमा आणि दर २३ जानेवारीला येणारा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड हेच वाक्य पुरावा म्हणून वापरायला लागतात.

आता साक्षींकडे येऊ, कारण संशयाची सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. तीन सरकारी चौकश्या झाल्या. १९५६ ची शाहनवाज खान समिती, १९७० ते ७४ चा न्यायमूर्ती खोसला आयोग, आणि १९९९ ते २००५ चा न्यायमूर्ती मनोजकुमार मुखर्जी आयोग. पहिल्या दोन चौकश्यांचा निष्कर्ष, अपघात झाला आणि नेताजी त्यात गेले. पहिल्या समितीतले एक सदस्य, नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस, यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. मुखर्जी आयोग म्हणाला की नेताजी आज हयात नाहीत, पण ते अपघातात मेले नाहीत, आणि टोकियोच्या रेंकोजी मंदिरातल्या अस्थी त्यांच्या नाहीत. गुमनामी बाबा म्हणजेच नेताजी, याला ठोस पुरावा मिळाला नाही असंही त्यांनी नोंदवलं. फॉरवर्डमध्ये हे वाक्य सहसा गळतं.

हे अहवाल मी साहित्य म्हणून वाचले. ते तसे वाचता येतात. खोसला तर स्वतः लेखकच होते. गांधीहत्येच्या खटल्यातलं अपील ज्या न्यायाधीशांसमोर चाललं त्यांच्यापैकी ते एक. त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि नेताजींच्या शेवटच्या दिवसांवरही एक लिहिलं. त्यांच्या अहवालात कथाकाराचा उतावळेपणा आहे. साक्षीदार त्यांच्यासाठी पात्रं होतात, आणि नावडत्या पात्रांना ते झोडपतात. मुखर्जींची शैली उलट आहे. ते दोन जबान्या शेजारी ठेवतात आणि फट दाखवतात. विमान किती उंचीवर होतं? कुणी २०-३० मीटर म्हणतं, कुणाला ते हजार फुटांवर वाटलं. विमानतळाच्या हद्दीत पडलं की बाहेर? अंत्यसंस्कार नेमके कोणत्या दिवशी झाले? जबान्या जुळत नाहीत.

पण विमानाच्या पोटात, खिडकी नसलेल्या जागी बसलेल्या माणसाला उंची कशी कळणार? मोठा आवाज, धक्का, आग, आणि मग दहा वर्षांनी किंवा तीस वर्षांनी कुणीतरी विचारतं : किती मीटर? माझ्या मते या फटी म्हणजे अपघाताचा खरा पोत आहे. डझनभर माणसांनी अकरा वर्षांनी एकच पाठ म्हटला असता, तर मला जास्त भीती वाटली असती. रहस्यकथेत मात्र प्रत्येक विसंगती ही खूण असते, कारण तो त्या प्रकाराचा नियमच आहे. आपल्या सीरिजनी आणि सिनेमांनी तो नियम जसाच्या तसा इतिहासाला लावला.

संशय घेणारे सगळे वेडे होते असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांना सरकारांनीच खतपाणी घातलं. जपान्यांनी मृत्यू गुप्त ठेवायचा प्रयत्न केला, कागदपत्रं नीट राखली नाहीत. ब्रिटिश गुप्तहेरांचाही सुरुवातीला बातमीवर विश्वास नव्हता. स्वतंत्र भारतात बोस कुटुंबीयांवर वर्षानुवर्षं पाळत होती, हे २०१५ मध्ये फायलींतून बाहेर आलं. २००६ साली मुखर्जी अहवाल संसदेत मांडताना सरकारनं तो फेटाळला, पण का फेटाळला हे नीट सांगितलं नाही. कारण न देता ‘नाही’ म्हणणाऱ्या सरकारपेक्षा मोठा रहस्यकथाकार नाही.

आणि याच मुखर्जी आयोगाच्या कागदांत एक जागा आहे, जिथे मी थबकलो. तैवानकडे विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं की त्या काळात तायपेईच्या विमानतळावर असा अपघात झाल्याची नोंद मिळत नाही. हे उत्तर अपघात झालाच नाही असं मानणाऱ्यांचं ब्रह्मास्त्र ठरलं. ऑगस्टमध्ये बेटावर जपानी प्रशासनच होतं, चिनी सरकारनं ताबा घेतला तो २५ ऑक्टोबरला, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. पण तैवानकडून आलेल्या माहितीत अजून एक गोष्ट होती. सप्टेंबरच्या आसपास तायतुंगजवळच्या त्रिशूळासारख्या नावाच्या डोंगरावर एक अमेरिकन लष्करी विमान कोसळलं होतं, सुटका झालेल्या युद्धकैद्यांना घेऊन. आपल्याकडच्या चर्चेत हे वाक्य ‘म्हणजे बघा, दुसऱ्या अपघाताची नोंद आहे, आपल्या नाही’ एवढ्याच कामाला आलं. कोण होते ते कैदी, हे कुणी विचारलं नाही.

डोंगराचं नाव, महिना आणि प्रवासी जुळवून पाहिले की ते विमान ‘लिक्विडेटर’ नावाचं बी-२४ असावं. तेही बॉम्बरच. जपानच्या छावण्यांतून सुटलेल्या हजारो दोस्त सैनिकांना ओकिनावाहून मनिलाला न्यायचं होतं, आणि प्रवासी विमानं पुरेशी नव्हती. म्हणून बॉम्बर कामाला लावले. बॉम्बच्या कप्प्यात फळ्या टाकून माणसं बसवली जात. १० सप्टेंबर १९४५ ला हे विमान वादळात सापडलं आणि सानचा शानवर, साडेतीन हजार मीटर उंचीच्या मुलखात, आदळलं. २० माजी कैदी आणि ५ जणांची तुकडी, सगळे गेले. छावणीत वर्षानुवर्षं तग धरलेली माणसं घरी जाताना गेली. मग खालच्या गावांतून शोधपथकं वर चढली. बुनुन आणि अमिस आदिवासी, हान, जपानी पोलीस. डोंगरावर त्यांना वादळी पाऊस आणि थंडीनं गाठलं, आणि त्यांच्यातलेच २६ जण मेले. कालपर्यंत शत्रू असलेल्यांचे देह शोधायला गेलेले लोक. मदतीला गेलेल्यांचा आकडा विमानातल्यांपेक्षा एकानं जास्त.

तैवानी कादंबरीकार कान याओ-मिंग यांनी या घटनेवर २०२१ साली एक मोठी कादंबरी लिहिली. तिच्या केंद्रस्थानी जनरल नाही, नेता नाही, एक बुनुन तरुण आहे. शीर्षकाचा अर्थ होतो ‘खरा माणूस होणं’. एकाच बेटावर, एकाच उन्हाळ्यात, तेवीस दिवसांच्या अंतरानं दोन बॉम्बर माणसं वाहताना कोसळले. एकातून आपण ७० वर्षं पुरेल एवढं रहस्य काढलं. दुसऱ्यातून एका लेखकानं शोधपथकातल्या माणसाचा शोक काढला. हा निव्वळ प्रतिभेचा फरक नाही, दृष्टीचा आहे.

असा संशय ही फक्त आपली खोड आहे, असं समजू नका. एप्रिल १९४६ मध्ये चुंगकिंगहून येनानला निघालेलं अमेरिकन सी-४७ शान्शीतल्या डोंगरावर आदळलं. त्यात जनरल ये तिंग, त्यांची पत्नी आणि मुलं, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे बडे नेते होते. घातपाताची कुजबुज आजही चालू आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये फ्रान्सचे जनरल लक्लेर अल्जीरियात कोलों-बेशारजवळ गेले. त्यांचं विमानही माणसांसाठी फेरफार केलेलं बॉम्बरच होतं, बी-२५. यादीत १२ माणसं होती आणि मृतदेह १३ सापडले. त्या तेराव्यावर फ्रान्समध्ये अजून लिहिलं जातं. म्हणजे प्रवाशांच्या आकड्यातला घोळसुद्धा केवळ तैहोकूचा नाही. घाईत भरलेल्या लष्करी विमानात आयत्या वेळी कुणीतरी चढतं, कुणीतरी राहतं.

हे सगळं एकत्र ठेवलं की त्या दोन-तीन वर्षांचा एक नमुना दिसतो. युद्ध संपलेलं असतं, पण विमानं तीच, झिजलेली. सुटे भाग नसतात. मेकॅनिक घरी जायच्या रांगेत असतात. हवामानाची खबर देणारी ठाणी विस्कटलेली असतात. आणि प्रत्येकाला कालच पोहोचायचं असतं. शांतता आल्यावरही युद्धाची यंत्रं माणसं मारत राहतात, यात कुणाचा डाव असावा लागत नाही. माझ्या दृष्टीनं ही गोष्ट कटापेक्षा जास्त भयंकर आहे, कारण कटाला निदान एक खलनायक असतो.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक सीरिजपेक्षा ६६ वर्षं जुनं आहे. एस. ए. अय्यर हे आझाद हिंद सरकारचे प्रसिद्धिमंत्री, सायगावच्या धावपट्टीवर मागे राहिलेल्यांपैकी एक. त्यांचं ‘अन्टू हिम अ विटनेस’ १९५१ साली मुंबईतून प्रसिद्ध झालं. ते भक्ताचं पुस्तक आहे, चिकित्सेची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. पण जागा न मिळालेल्या माणसाचंही ते पुस्तक आहे. आपण त्या विमानात असतो तर, ही सल त्याच्या तळाशी मला सतत जाणवत राहते. अपघाताच्या साहित्यात ही सल फार मोलाची असते, कारण विमानात कोण बसलं आणि कोण राहिलं यात कुणाचंच कर्तृत्व नसतं.

मराठीत नेताजी म्हटलं की विश्वास पाटलांची ‘महानायक’ समोर येते, आणि शीर्षकच सांगतं की कादंबरीला काय हवं आहे. महानायकांच्या कादंबऱ्या असाव्यात. माझी मागणी एवढीच की कधीतरी कुणीतरी त्याच १८ ऑगस्टची गोष्ट त्या विमानाच्या बाजूनं लिहावी. डाव्या इंजिनचा सूर लागत नाहीये हे ऐकणाऱ्या वैमानिकाची. हरलेल्या सैन्यात बढतीवर निघालेल्या जनरलची. जळते कपडे उघड्या हातांनी विझवणाऱ्या, मग तीच गोष्ट आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगावी लागलेल्या, आणि अर्ध्या देशानं खोटारडा ठरवलेल्या हबीबुर रहमान यांची. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तरी १९५६ साली शाहनवाज समितीपुढे येऊन त्यांनी तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं. हा माणूस एका ओळीच्या एका बाजूला ‘डेड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अलाइव’ लिहून संपत नाही. त्याच्यावर अजून नऊ भाग सहज निघतील, आणि पुढचा भाग लावण्यासाठी शेवटी कुणाला जिवंत ठेवायची गरज पडणार नाही.